चंद्र लागलेली माणसं

करार कायद्याच्या बाराव्या कलमाखाली एक लहानसं उदाहरण दिलेलं आहे. वेड्यांच्या इस्पितळात असलेला, पण मधूनमधून शुद्धीवर येणारा रुग्ण त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. बस्स, एवढंच. कायदा १८७२ सालचा, उदाहरणही तेव्हाचंच, आणि आजही ते जागचं हललेलं नाही. इंग्रजी मजकुरात इस्पितळाला 'ल्युनॅटिक असायलम' म्हटलंय. लॉ कॉलेजात आम्ही हे घोकलं, परीक्षेत लिहिलं आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर विसरलो. रत्नागिरीत वकिली सुरू केली आणि मग हे उदाहरण वरचेवर टेबलावर येऊन बसायला लागलं.

त्याला कारण कोकणातल्या जमिनी. जमीन मूठभर आणि सातबाऱ्यावर नावं वीस-पंचवीस. त्यातला एखादा मुंबईला, एखादा दुबईला, एखादी बहीण लग्न होऊन लांज्याला आणि एखादा 'तसा'. हा 'तसा' शब्द पक्षकार नेहमी आवाज खाली आणून उच्चारतात आणि दाराकडे एकदा बघून घेतात. हक्कसोडपत्रावर त्या भावाची सही असते. कलमं धरायला लागली किंवा रस्ता रुंद होणार अशी बातमी आली की प्रश्न निघतो, सही केली तेव्हा तो शुद्धीवर होता का? ज्यांना जमीन मिळाली ते म्हणतात, ठणठणीत होता. ज्यांना मिळाली नाही ते म्हणतात, तो कधीच ठणठणीत नव्हता. त्याला स्वतःला कुणी विचारत नाही.

अशाच एका दाव्यात त्याच वाडीतले एक वयस्कर गृहस्थ साक्षीला उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, "साहेब, त्या दिवशी अवस होती. अवसेला तो भानावर नसतो, अख्ख्या वाडीला ठाऊक आहे." मी उलटतपासणीत पंचांग पुढे केलं. दस्ताच्या तारखेला एकादशी होती. गृहस्थ जराही डगमगले नाहीत. "मग अवस जवळच आली होती की!" म्हणाले. कोर्टात हशा पिकला.

एखादा जुना रोमन माणूस त्या दिवशी कोर्टात असता तर तो मात्र हसला नसता. त्याच्या भाषेत चंद्राला 'लूना' म्हणत. (आमच्या पिढीला लूना म्हणजे आधी मोपेडच आठवते, पण ते जाऊ दे.) चंद्राच्या फेऱ्यात सापडलेला तो 'लुनाटिकुस'. त्यावरून फ्रेंच आणि फ्रेंचमधून इंग्रजी 'ल्युनॅटिक'. ग्रीकांकडेही तसंच होतं. त्यांची चंद्रदेवता सेलेने, आणि तिच्या नावावरून केलेलं एक क्रियापद, ज्याचा अर्थ जवळजवळ 'त्याला चंद्र लागतो' असा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात एक बाप येशूकडे आपला मुलगा घेऊन येतो. मुलगा सारखा विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. मूळ ग्रीकमध्ये त्या मुलाला हेच क्रियापद लावलंय, लॅटिनमध्ये तो 'लुनाटिकुस' झाला आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात 'ल्युनॅटिक'. मराठी बायबलात चंद्र उरला नाही. तिथे तो मुलगा 'फेफरेकरी' आहे, आणि आजाराच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. विस्तवात आणि पाण्यात पडणं हे मिरगीचं वर्णन. ज्या काळात चुली जमिनीवर होत्या आणि विहिरींना कठडे नव्हते, त्या काळातल्या मिरगीचं.

म्हणजे या शब्दात सुरुवातीला वेड आणि फेफरं एकाच गाठोड्यात होतं. दोन्ही येतं आणि जातं. दोन्हीत मधले दिवस चांगले असतात. हे गाठोडं सुटायला किती वेळ लागला ते मला वकील म्हणून चांगलं ठाऊक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाची अट अशी होती की वधू किंवा वर 'इडियट किंवा ल्युनॅटिक' नसावेत. १९७६ साली ते शब्द गेले, त्यांच्या जागी लांबलचक कलम आलं, आणि त्यात वेडाचे वारंवार येणारे झटके यांच्या शेजारी मिरगी जाऊन बसली. तिला तिथून उठवायला १९९९ साल उजाडलं. गोळ्या घेऊन नोकरी-व्यवसाय करणारी, संसार करायला पूर्ण लायक असलेली किती माणसं तोवर त्या कलमात अडकली असतील!

चंद्रच का, याचं जुनं उत्तर ओलाव्याचं आहे. ग्रीक-रोमन विद्वानांच्या मते मेंदू हा शरीरातला सगळ्यांत ओलसर भाग, आणि चंद्र हा ओलाव्याचा मालक. तो समुद्राला फुगवतो, मग डोक्यातल्या पाण्याला का सोडेल? तर्क म्हणून वाईट नाही. समुद्रकाठी राहणाऱ्या कुणालाही पटेल.

पण मला या शब्दाचा खरा लळा लागला तो वैद्यकामुळे नाही, इंग्लंडच्या एका मध्ययुगीन कायद्यामुळे. 'राजाचे विशेषाधिकार' असं त्याच्या लॅटिन नावाचं मराठी करता येईल. तेराव्या-चौदाव्या शतकातला दस्तऐवज. त्यात दोन प्रकारच्या माणसांच्या जमिनींची व्यवस्था सांगितली आहे. एक, जो जन्मापासूनच समजुतीनं अधू आहे, तो 'इडियट'. त्याच्या जमिनीचा ताबा राजाकडे जायचा. राजानं त्याला जेवूखाऊ घालायचं आणि वरचं उत्पन्न खुशाल स्वतःच्या खजिन्यात टाकायचं. दुसरा, ज्याला समज होती पण जो ती गमावून बसलाय आणि मधूनमधून ज्याला ती परत येते. त्याच्या जमिनीचाही सांभाळ राजाच करणार, पण तिची नासधूस होऊ द्यायची नाही, तिच्यातून त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं पोट भरायचं आणि जे उरेल ते त्याच्याचसाठी राखून ठेवायचं. तो शुद्धीवर आला की सगळं त्याच्या हवाली करायचं. राजानं त्यातलं काहीही स्वतःसाठी घ्यायचं नाही. पुढे इंग्रज वकिलांनी या दुसऱ्या माणसालाच 'ल्युनॅटिक' म्हटलं. १७६५ साली ब्लॅकस्टोननं इंग्रजी कायद्यावरच्या आपल्या टीकाग्रंथात स्पष्ट लिहिलं की ल्युनॅटिक म्हणजे खरं तर ज्याला मध्ये मध्ये शुद्धीचे काळ येतात तो, आणि हे बऱ्याचदा चंद्राच्या बदलावर अवलंबून असतं.

राजाचे अधिकारी प्रत्यक्षात किती इमानदार होते कुणास ठाऊक. राजे ते राजे. पण कायद्यानं काय गृहीत धरलंय बघा. हा माणूस परत येणार आहे. तो येईपर्यंत त्याची बाग राखायची, त्याच्या आंब्याचा हिशेब ठेवायचा. चंद्र हा शब्द त्या माणसाला चिकटला तो तो अंधारात गेला म्हणून नव्हे. तो पुन्हा उजेडात येतो, म्हणून. आमच्याकडे सख्खे भाऊ जे करत नाहीत ते तिथे, निदान कागदावर, परक्या राजाकडून अपेक्षित होतं.

हे मी एवढं तावातावानं लिहितोय त्यामागे आमचे धाकटे काका आहेत. हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचा फळा बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी यायची, इतकं देखणं अक्षर. वर्षा-दोन वर्षांनी कधी तरी त्यांचं बोलणं वेग घ्यायचं. आधी बरंच वाटायचं, घरात जरा हसणंखिदळणं व्हायचं. मग ते रात्री अंगणात फेऱ्या मारायला लागायचे, खाडीवर पूल कसा बांधावा याचे आराखडे काढून कलेक्टरांना रजिस्टर पत्रं धाडायचे, मित्रमंडळींना उसने पैसे वाटायचे. पंधरा-वीस दिवसांनी भांडण, आरडाओरडा, एक-दोनदा इस्पितळ. त्यानंतर काही महिने भिंतीकडे तोंड करून निजणं. आणि मग सगळं ओसरून ते पुन्हा काका व्हायचे. शाळेत जायचे, पोरांना भूमिती शिकवायचे, आजीसाठी नारळ सोलून ठेवायचे.

हा चांगला काळ महिनोन् महिने चालायचा, कधी वर्षाच्या वर. पण घरानं त्याची दखल कधी घेतली नाही. त्यांचं पासबुक मोठ्या काकांच्या कपाटात असायचं. चहाला पाहुणे आले की बोलता बोलता कुणी तरी त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघून घ्यायचं, आवाज चढलाय का ते. आजोबांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा काका अगदी स्वच्छ शुद्धीत होते. मला आठवतंय, तेव्हा ते मला त्रिकोणमिती शिकवत होते. वाटणीपत्राच्या बैठकीला त्यांना बोलावलं नाही. "त्याला कशाला त्रास," असं म्हणाले सगळे. त्या सगळ्यांत माझे वडीलही होते. काका आतल्या खोलीत माझ्या वहीवर साइन-कॉसचे तक्ते काढत बसले होते आणि माजघरातलं प्रत्येक वाक्य त्यांना ऐकू येत होतं. घरात कुणी 'कसे आहात' म्हणून विचारलं की उसनं चंद्रबळ आणून "झकास!" म्हणायचे.

चंद्रबळ हा आपला शब्द. मंगलाष्टकांच्या शेवटी 'ताराबलं चंद्रबलं तदेव' असं गुरुजी खड्या आवाजात म्हणतात आणि आपण अक्षता टाकतो. ज्योतिषात चंद्र हा मनाचा कारक, म्हणून चंद्राचं बळ ते मनाचं बळ. पुरुषसूक्तात तर चंद्र विराट पुरुषाच्या मनापासून जन्मला असं सांगितलंय, 'चन्द्रमा मनसो जातः'. ऐतरेय उपनिषदात चंद्र मन होऊन हृदयात शिरतो. एवढं असूनही आपल्या बोलण्यात वेड्याला चंद्राचं नाव मिळालं नाही. आपण पिशाचावरून 'पिसा' केला, भ्रमावरून 'भ्रमिष्ट' केला, वाऱ्याला धरलं, बाहेरच्या बाधेला धरलं. तिथीला मात्र आपण सोडलं नाही.

आयुर्वेदात तर तिथींचं वेळापत्रकच आहे. चरकानं उन्मादाचे प्रकार सांगताना देव, ऋषी, पितर, गंधर्व, यक्ष, ब्रह्मराक्षस, पिशाच असे झपाटणारे सगळे ओळीनं उभे केलेत आणि प्रत्येकाला दिवस नेमून दिलेत. देव शुक्ल प्रतिपदेला नाही तर त्रयोदशीला. पितर दशमीला आणि अमावास्येला. ब्रह्मराक्षस शुक्ल पंचमीला आणि पौर्णिमेला. यक्षाच्या वाट्याला शुक्ल एकादशी आहे; माझ्या साक्षीदाराला हे माहीत असतं तर त्यानं मला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. सुश्रुताचं वेळापत्रक थोडं वेगळं. त्याच्याकडे पौर्णिमेला देव येतात, असुर संधिकाळी, गंधर्व बहुतेक अष्टमीला, पितर अमावास्येला, नाग पंचमीला. महिन्यात रिकामा दिवस शोधायचा म्हटलं तर कष्ट पडतील. मला वाटतं, आजाराला दिवसच नाही हे ओळखलेल्या पण ते मान्य करायला तयार नसलेल्या माणसाची ही यादी आहे. कुठल्याही दिवशी रुग्ण बिघडला तरी तिच्यात जागा सापडते.

आणि त्याच चरकसंहितेत, निदानस्थानात, एक श्लोक आहे जो मी आमच्या बार रूमच्या भिंतीवर लावायला तयार आहे.

'नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः। न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम्॥'

ना देव, ना गंधर्व, ना पिशाच, ना राक्षस. जो आपणहून पीडलेला नाही त्याला यातलं कुणीही पीडत नाही. पुढे तो बजावतो की शहाण्यानं देवांना, पितरांना किंवा राक्षसांना दोष देऊ नये. चरक याचं खापर शेवटी रुग्णाच्याच बुद्धीच्या चुकीवर, प्रज्ञापराधावर फोडतो. ते मला मान्य नाही. काकांनी कुठलाही अपराध केला नव्हता. पण देवस्कीचा एवढा मोठा दरबार भरवून झाल्यावर त्याच ग्रंथात तो बरखास्त करायची हिंमत दाखवली आहे, याचं कौतुक वाटतं. आजही आमच्याकडे रुग्ण डॉक्टरकडे पोचायच्या आधी नारळ, कोंबडा, गाऱ्हाणं असा लांबचा रस्ता धरतो, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

इंग्रजी समजुतीत आणि आपल्या समजुतीत एक फरक मला फार दिवस खटकत होता. त्यांचा वेडा पौर्णिमेला बिघडतो. आपला अवस-पुनव दोन्हीला, आणि त्यातही अवसेला जास्त. त्यांना भीती लख्ख चंद्राची, आपल्याला चंद्र नसल्याची. एकाच चंद्राच्या या दोन उलट्या साक्षी कशा?

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणालाही विचारा, यात उलटं काही नाही असं सांगेल. उधाण दोन्ही वेळेला येतं. अमावास्येला सूर्य-चंद्र एका बाजूला, पौर्णिमेला दोन बाजूंना. ओढ दोन्ही वेळेला एका रेषेत, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी सुस्त. चांदणं किती आहे याच्याशी समुद्राला घेणंदेणं नाही. म्हणजे भरतीवरून डोक्यातल्या पाण्याचा तर्क करायचाच असेल, तर आपली अवस-पुनव इंग्रजांच्या पौर्णिमेपेक्षा जास्त शास्त्रशुद्ध ठरते! अर्थात तर्कच मुळात लंगडा आहे. अमेरिकेत मायामीच्या अर्नॉल्ड लीबर या मानसोपचारतज्ज्ञानं १९७८ साली अख्खं पुस्तक लिहून हेच मांडलं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, तेव्हा शरीरातही भरती येणार आणि पौर्णिमेला खून वाढणार. पण भरती येते ती पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला चंद्राची ओढ कमीजास्त पडते म्हणून. समुद्र हजारो मैल पसरलेला आहे, त्याला तो फरक जाणवतो. साडेपाच फुटांच्या माणसात डोकं आणि पाय यांच्यात असा कितीसा फरक पडणार? आमच्या परसातल्या विहिरीला भरती येत नाही, मग काकांच्या मेंदूला कुठून येणार?

१९८५ साली रॉटन आणि केली या दोघांनी असे सदतीस अभ्यास एकत्र करून चाळले आणि त्यांना चंद्राचा धड सांगावा असा कुठलाच परिणाम सापडला नाही. तरी समजूत मरत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या ससेक्सच्या पोलिसांनी पौर्णिमेच्या रात्री जादा माणसं रस्त्यावर ठेवायचं ठरवलं होतं. आपल्याकडच्या नर्सबाईंनाही विचारून बघा. पौर्णिमेला वॉर्ड बिघडला की चंद्र आठवतो. पंचमीला बिघडला की कुणाच्या लक्षात राहतं?

इथे हा विषय मिटला असता. पण १९९९ साली तीन अमेरिकी संशोधकांनी तो वेगळ्या बाजूनं उघडला, आणि मला तीच बाजू पटते. त्यांचं म्हणणं असं, की आज चंद्र काही करत नसेल, पण वीज येण्याआधी करत असेल. ओढीनं नव्हे, उजेडानं. रात्री दिवा म्हणून परवडणारी एकच गोष्ट आकाशात होती. पौर्णिमेच्या आसपास माणसं उशिरापर्यंत जागी राहायची, प्रवास करायची. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमला जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, इरॅस्मस डार्विन, जोसेफ प्रिस्टली वगैरे मंडळींची 'लूनर सोसायटी' पौर्णिमेच्या जवळपास जमायची, ती याच साध्या कारणासाठी. चर्चा आणि जेवण आटोपून घोडागाडीनं परत जाताना वाट दिसावी. स्वतःला ते गमतीनं 'ल्युनॅटिक' म्हणवून घेत. आपली कोजागरी तरी काय वेगळी? जागायचं म्हणूनच ती पौर्णिमा.

आता हे जागरण निरोगी माणसाला दुसऱ्या दिवशी जांभया देण्यापलीकडे काही करत नाही. पण ज्याला उन्मादाचा आजार आहे, त्याची एक-दोन रात्रींची झोप हुकली की आजार उसळू शकतो. मिरगीचंही तसंच, अपुरी झोप हे झटका येण्याचं नेहमीचं निमित्त. म्हणजे बायबलातला तो मुलगा आणि रात्रभर अंगणात फिरणारा माणूस, दोघांना एकाच शब्दात कोंबणाऱ्यांनी कारण चुकीचं सांगितलं, पण निरीक्षण अगदीच हवेतलं नसावं.

पुढचं संशोधन वाचताना मात्र मी वकिलाची सवय सोडत नाही. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या काही संशोधकांनी बंद प्रयोगशाळेत, जिथे चंद्र दिसतच नाही अशा खोल्यांत, तेहतीस जणांच्या झोपेच्या जुन्या नोंदी तपासल्या. पौर्णिमेच्या सुमाराला झोप वीस मिनिटांनी कमी, गाढ झोपही कमी. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी चारशे सत्तर जणांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा तसं काही दिसलं नाही. साक्षीदार फुटला. मग २०२१ साली अर्जेंटिनातल्या फोर्मोसा प्रांतातल्या तोबा-कोम आदिवासींच्या मनगटांना झोप मोजणारी घड्याळं बांधून अभ्यास झाला. काही वस्त्यांत वीज होती, काहींत जेमतेम, एका ठिकाणी अजिबात नाही. पौर्णिमेला नव्हे, पौर्णिमेच्या आधीच्या तीन ते पाच रात्री सगळे उशिरा निजत होते आणि कमी झोपत होते. त्या रात्री चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो, म्हणजे कामाच्या वेळेला उजेड. यात नवल नाही. नवल हे, की सिअ‍ॅटलच्या झगमगाटात राहणाऱ्या विद्यार्थ्यांतही तोच कल दिसला. आणि २०१८ साली थॉमस वेर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं झपाट्यानं चढउतार होणाऱ्या सतरा रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यांच्या मनाच्या फेऱ्या चंद्राच्या चक्रांशी, त्यातही उधाण-भांगाच्या सुमारे पंधरवड्याच्या चक्राशी जुळत होत्या. सतरा म्हणजे काहीच नव्हेत. एवढ्या पुराव्यावर मी दिवाणी दावाही लावणार नाही. पण फाइल बंदही करणार नाही.

आमच्या घरातही एक पुरावा होता. आजी दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायची. गॅस कधी लावला, गुरव कधी येऊन गेला, सगळं त्यावर. त्यातच काकांच्या नोंदी. 'झोप नाही.' 'रात्री बाहेर.' 'आज जेवला.' अवस-पुनव आली की ती दाराला कडी घालायची, मीठमोहऱ्या ओवाळायची. तिचा पक्का विश्वास होता. ती गेल्यावर माळ्यावरून ती कॅलेंडरं निघाली तेव्हा मी ती घेऊन बसलो. 'झोप नाही' हे दोन शब्द दोन्ही पक्षांत विखुरलेले होते, षष्ठीला, दशमीला, कुठेही. पण एक गोष्ट चुकत नव्हती. भांडणाच्या, इस्पितळाच्या नोंदीच्या चार-सहा दिवस आधी ते दोन शब्द हटकून होते. आजी चंद्राकडे बघत राहिली आणि खरं निदान तिच्याच हातानं दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं. कुठल्याही डॉक्टरला ती पानं दाखवली असती तर त्यानं त्यांचं सोनं केलं असतं.

आता 'ल्युनॅटिक' हा शब्द जवळजवळ हद्दपार झालाय. इंग्लंडनं १९३० च्या कायद्यात त्याला निरोप दिला. अमेरिकेच्या संसदेनं २०१२ साली तो सगळ्या संघीय कायद्यांतून खोडला. प्रतिनिधिगृहात तीनशे अठ्ठ्याण्णव मतं बाजूनं आणि विरोधात एक. आपल्याकडे १८५८ साली वेड्यांबाबत एकापाठोपाठ तीन कायदे झाले, त्यांच्या जागी १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट आला आणि तो १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हटवला. माझा राग १९१२ च्या कायद्यावर आहे. त्यात 'ल्युनॅटिक'ची व्याख्या दिलीय: इडियट किंवा विकृत मनाची व्यक्ती. संपलं. ज्या एका फरकासाठी हा शब्द कायद्यात आला होता, परत येणारा आणि परत न येणारा, तो फरक एका ओळीत पुसला. चंद्र पाटीवर राहिला, त्याच्या कला गेल्या. मग तो शब्द शिवी झाला यात आश्चर्य काय? आम्हीही 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला नेऊन टाका' असं म्हणतच वाढलो. रत्नागिरीत असल्यानं आम्हाला तेवढं लांब जावं लागत नव्हतं, इस्पितळ गावातच होतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही ठिकाणी आज प्रादेशिक मनोरुग्णालय अशी पाटी आहे; लोक अजून वेड्यांचं हॉस्पिटलच म्हणतात.

तेव्हा करार कायद्यातलं ते जुनं उदाहरण कुणी खोडायला निघालं तर मी हरकत घेईन. शब्द बदला हवे तर, पण वाक्य ठेवा. इस्पितळात असलेला माणूसही आज शुद्धीवर असू शकतो आणि आज त्याची सही ही सही आहे, असं दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आमच्या माजघरात कुणाला माहीत नव्हतं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याच वाटेनं पुढे गेलाय. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकृत मनाचा ठरत नाही. ते सक्षम कोर्टानं ठरवावं लागेल. पाचव्या कलमानं तर शुद्धीच्या काळाला चक्क दस्ताचा दर्जा दिला. सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे मी बिघडलो, निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो, तर माझ्यावर उपचार कसे करावेत, कसे करू नयेत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. याला आगाऊ निर्देश म्हणतात. आमच्या बारमध्ये अर्ध्या वकिलांनी तो कधी पाहिलेला नाही. मी करून देतो, आणि त्याची फी घेत नाही. काकांच्या नावानं म्हणा.

मागे एक मासेमारी करणारे गृहस्थ आले होते. चाळिशीचे, दोनदा इस्पितळात जाऊन आलेले, तेव्हा अगदी छान. बायको सोबत होती. मी एकेक कलम विचारत गेलो आणि लिहीत गेलो. कुठलं औषध सोसत नाही. आधी कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा. बांधून न्यायचं नाही. मेव्हणा आला तर ते आपण होऊन गाडीत बसतील. गावच्या मांत्रिकाला घरात घ्यायचं नाही, हे बायकोनं घालायला लावलं. होडीचे कागद कुणाच्याही हाती द्यायचे नाहीत, हे त्यांनी. मी म्हटलं, होडीचं यात बसत नाही, हा उपचारांचा कागद आहे, त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र करू. ते म्हणाले, "करू ना. आजच करा साहेब. आता मी बरा आहे." मग मी कारकुनाला स्टॅम्प पेपर आणायला धाडलं आणि दोन साक्षीदार शोधायला स्वतः खाली उतरलो.